ऑफिसच्या ‘रिकन्सिलिएशन कमिटी’त नाव आलंय, आता करू काय?

प्रश्न थोडक्यात असा: कॅनडात येऊन अडीच वर्षं झाली. टोरंटोत, रस्ते-पूल-पाणीयोजनांची डिझाइन करणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे, राहायला मिसिसॉगाला. बॉसनं परस्पर माझं नाव ‘रिकन्सिलिएशन कमिटी’त, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांशी नातं सुधारण्यासाठीच्या समितीत, घातलं आणि ३० सप्टेंबरचा, म्हणजे ‘ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन’ दिवसाचा, कार्यक्रमही माझ्या गळ्यात मारला. इथल्या मूळ रहिवाशांवर अन्याय झाला हे समजतं, पण तो ना मी केला, ना माझ्या आजोबांनी. मी यात नेमकं काय करायचं? टीममध्ये एक क्री, म्हणजे त्या मूळ समाजांपैकी एका समाजातली, सहकारी आहे, तिलाच सगळं विचारावं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तिला विचारू नका. निदान आत्ता तरी नको.

मी सतरा वर्षं इथं एचआरमध्ये आहे, आधी विनिपेगला, मग टोरंटोत. गेली काही वर्षं याच विषयावर कंपन्यांना सल्ला देते. ऑफिसात इंडिजिनस, म्हणजे मूळ रहिवासी, माणूस बहुधा एकच असतो, आणि सप्टेंबर उजाडला की सगळे त्याच्या टेबलाशी. भाषण तू कर, हा मेल जरा वाचून दे, आणि जमलं तर तुझ्या आजीच्या शाळेबद्दल दोन शब्द बोल. हे सगळं नेहमीचं काम सांभाळून, फुकटात. अप्रेझलमध्ये त्याचा उल्लेखसुद्धा नसतो.

आजीची शाळा म्हणजे काय, तेही सांगते. ‘रेसिडेन्शियल स्कूल’ म्हटलं की आपल्याला नवोदय विद्यालय नाहीतर आश्रमशाळा आठवते. इथल्या त्या शाळा सरकारनं पैसा पुरवून चर्चच्या हाती दिल्या होत्या, आणि मुलांना घरापासून, भाषेपासून तोडणं हाच त्यांचा हेतू होता. शंभराहून जास्त वर्षांत सुमारे दीड लाख मुलं त्यांतून गेली. चार हजारांहून अधिक मुलं दगावल्याची नोंद आजवर झाली आहे. शेवटच्या शाळा बंद झाल्या १९९० च्या दशकात. म्हणजे तुमच्या सहकारीच्या घरातलं कुणी तिथं गेलं असेल, तर ते माणूस आज जिवंत असण्याची पुरेपूर शक्यता आहे. असा विषय कुणी कॉफी मशीनपाशी काढतं का?

मी काढला होता, त्याहून वाईट रीतीनं. विनिपेगला पहिल्याच वर्षी एका सहकाऱ्यानं ओळख करून देताना तो कुठल्या फर्स्ट नेशनचा, म्हणजे कुठल्या मूळ समाजाचा, ते सांगितलं. मी उत्साहानं म्हणाले, “अरे वा, मीही इंडियन, आणि मी तर खरी इंडियन!” तो सौजन्यानं हसला. मला पुढं कळलं की इथं ‘इंडियन’ हा शब्द १८७६ च्या ‘इंडियन अ‍ॅक्ट’मधला आहे. कोण इंडियन आणि कोण नाही, हे त्या कायद्यान्वये ओटावातलं सरकार ठरवत आलं, आणि तो कायदा आजही, बदल होत होत, लागू आहे. आपण ‘इंडियन ग्रोसरी’ म्हणतो तितक्या सहज तो शब्द त्याच्या घरात येत नाही. ऑफिसात मी स्वतःपुरतं ‘भारतातून आलेली’ म्हणते. मूळ रहिवाशांसाठी त्यांच्या तीन गटांची नावं: फर्स्ट नेशन्स, मेटी, इनुइट. आणि शक्य असेल तिथं नेमक्या समाजाचं नाव, जसं क्री. आपल्याकडं कुणी सगळ्यांनाच ‘मद्रासी’ म्हटलं की कसं वाटतं, तेच इथंही.

आता ‘मी तर काहीच केलं नाही’ याबद्दल. खरं आहे, तुम्ही काही केलेलं नाही. अपराधी वाटून घेण्याची गरजही नाही. त्यानं कुणाचं पोट भरत नाही. पण तुम्ही एका कराराच्या आत राहता. इथं लोक ‘वी आर ऑल ट्रीटी पीपल’ म्हणतात, त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला, कारण ‘ट्रीटी’चं मराठी मी मनात ‘तह’ असं करत होते. आपला तह म्हणजे पुरंदरचा, वसईचा: लढाईत किंवा राजकारणात मात झाली आणि किल्ले-मुलूख देऊन सुटका करून घेतली. इथले बरेचसे करार पराभवानंतर झालेले नाहीत. ही जमीन दोघांनी मिळून वापरायची, नातं पाळायचं, अशी एका बाजूची समजूत होती. दुसऱ्या बाजूनं कागदावर ‘जमीन कायमची दिली’ असं लिहून घेतलं.

तुमच्या ऑफिसखालच्या जमिनीचंच उदाहरण घ्या. वसईचा तह झाला १८०२ च्या डिसेंबरअखेर. त्यानंतर तीन वर्षांनी, १८०५ मध्ये, त्याच साम्राज्यानं इथं ‘टोरंटो पर्चेस’ पक्का केला: २,५०,८८० एकर, दहा शिलिंगांत. पक्का करावा लागला, कारण १७८७ चा मूळ दस्तऐवज पाहिला तर तो कोरा निघाला. प्रमुखांची चिन्हं वेगळ्या कागदावर होती आणि ती त्याला जोडलेली. सावकारानं कोऱ्या कागदावर अंगठा उठवून घेतल्याच्या गोष्टी आपल्या आजोळी ऐकल्यात ना? अगदी तेच. ज्यांची ही जमीन होती त्या ‘मिसिसॉगाज ऑफ द क्रेडिट’ लोकांना केंद्र सरकारनं २०१० मध्ये १४.५ कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला. तुम्ही राहता त्या शहराला त्यांचं नाव आहे, आणि ते लोक मात्र १८४७ पासून हॅगर्सव्हिलजवळ राहतात. शनिवारी गाडीनं जाण्याइतकं जवळ आहे ते.

आणखी एक गोष्ट, कारण मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये ‘आपला यात काय संबंध’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं १९०७ मध्ये आपल्या लोकांचा मताधिकार काढून घेतला. कायद्यात शब्द होता ‘हिंदू’, आणि त्यात शीख, मुसलमान सगळे आले. तो परत मिळाला १९४७ मध्ये. ‘स्टेटस इंडियन’, म्हणजे इंडियन अ‍ॅक्टखाली नोंद असलेल्या, लोकांना आपला दर्जा न गमावता केंद्रात मत देता यायला १९६० साल उजाडलं. म्हणजे आपण नंतर आलो आणि आधी आत घेतले गेलो. आणि पुढं नागरिकत्वाची शपथ घ्याल, तेव्हा फर्स्ट नेशन्स, इनुइट आणि मेटी लोकांचे हक्क मान्य करणाऱ्या संविधानाचा उल्लेख तुमच्या तोंडून होईल. २०२१ पासून तो शपथेतच आहे, आणि रेसिडेन्शियल स्कूलांची चौकशी करणाऱ्या ‘ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशन’नं २०१५ मध्ये केलेल्या ९४ शिफारशींपैकी ती अगदी शेवटची शिफारस होती.

पॉटलकमधलंच दुसरं वाक्य: ‘यांना सगळं फुकट, टॅक्ससुद्धा नाही.’ करसवलत आहे ती ‘स्टेटस इंडियन’ व्यक्तींना, आणि तीही मुख्यतः रिझर्व्हवरच्या (फर्स्ट नेशनसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरच्या) उत्पन्नाला आणि मालमत्तेला. मेटी आणि इनुइट लोकांना ती नाही. तुमच्या टोरंटोच्या ऑफिसात काम करणाऱ्या बाईचा टॅक्स तुमच्यासारखाच पगारातून कापला जातो. ‘रिझर्व्ह’ ऐकून आपल्या डोक्यात ‘आरक्षण’ येतं आणि गाडी भलत्याच रुळावर जाते. हे मराठीत, आपल्या माणसांत, जेवताना सांगणं हे कमिटीच्या मिनिट्समध्ये येणार नाही. तिथं इंग्रजी धोरण पोचत नाही, तुम्ही पोचता.

३० सप्टेंबर मी पटकन उरकते, कारण वर्षाचं काम त्या दिवशी होत नाही. रेसिडेन्शियल स्कूलांत गेलेल्या मुलांच्या स्मरणाचा हा दिवस केंद्राच्या अखत्यारीतल्या कर्मचाऱ्यांना, म्हणजे बँका, विमान कंपन्या वगैरेंना, २०२१ पासून सुट्टीचा आहे. आपल्या ऑंटारियो प्रांतात ती सक्तीची सुट्टी नाही, त्यामुळे तुमच्या कंपनीनं काय करायचं हा तिचा निर्णय. त्या दिवशी लोक घालतात त्या नारिंगी शर्टामागे फिलिस वेब्स्टॅड आहेत. १९७३ मध्ये, सहा वर्षांच्या असताना, शाळेच्या पहिल्या दिवशी घालायला आजीनं घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट शाळेत काढून घेतला गेला आणि परत मिळाला नाही. ही हकिगत त्यांनी स्वतः जगाला सांगितली आहे, तेव्हा सहकारीकडून नवी काढून घेण्याची गरज नाही. शर्ट घ्यायचेच तर इंडिजिनस व्यावसायिकाकडून घ्या, ऑनलाइन स्वस्त नकला येतात त्या नकोत. आणि त्या दिवशी केक, समोसे, सेल्फी कॉर्नर नको. एका ठिकाणी फुगे लावलेले पाहिलेत मी, नारिंगी. कुणाच्या दहाव्याला आपण फुगे लावतो का?

एल्डरना बोलावणार असाल तर मात्र नीट ऐका. एल्डर म्हणजे नुसतं वयानं मोठं माणूस नव्हे. समाजानं ज्ञानासाठी मान दिलेली व्यक्ती. क्री आणि अनिशिनाबे लोकांत काही मागायला जाताना तंबाखू देण्याची रीत आहे. तंबाखू म्हटल्यावर आपल्याला चुन्याची डबी दिसते, पण भाव आहे विडा-सुपारी ठेवून आमंत्रण देण्याचा. सगळ्या समाजांत ही रीत नाही, म्हणून बोलावतानाच ‘तुमच्याकडं काय पद्धत आहे’ असं सरळ विचारावं. त्यात कमीपणा नाही.

आणि दक्षिणा त्याच दिवशी, हातात. एका कंपनीत (नाव घेत नाही) आम्ही एका आजींना सप्टेंबरअखेर बोलावलं. कार्यक्रम उत्तम झाला, डोळे पाणावले, डायरेक्टर साहेबांनी कॉफीचा मग भेट दिला. नंतर हिशेब खात्यानं त्यांना व्हेंडर फॉर्म पाठवला. मग रद्द केलेला चेक मागितला. मग कळलं, पेमेंट साठ दिवसांनी निघतं. त्यांना भाचा दीडशे किलोमीटर गाडी चालवत घेऊन आला होता, पेट्रोल त्याच्या खिशातून. मानधनाचा चेक पोचला डिसेंबरात. त्यांनी तक्रार केली नाही, पुढच्या वर्षी नकार मात्र दिला. व्यासपीठावर आमची शब्दरचना अगदी निर्दोष होती.

तेव्हापासून मी कुठल्याही कंपनीत गेले की आधी हिशेब खात्यात जाते.

दुसरं ठिकाण म्हणजे रजेचं धोरण. याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथं चूक माझ्या हातून झाली. आमच्याकडं उत्तर ऑंटारियोतला एक टेक्निशियन होता. त्याचं गाव असं, की रस्ता हिवाळ्यात बर्फ गोठल्यावरच, एरवी छोट्या विमानानं जायचं. त्याची मावशी गेली. त्याला तिनंच वाढवलं होतं. आमच्या धोरणात ‘जवळच्या कुटुंबीयां’साठी तीन दिवस होते, आणि यादीत मावशी नव्हती. एक दिवस मेहेरबानी म्हणून मिळाला. हवा बिघडली, विमान उडेना, तो सहा दिवसांनी परतला. दरम्यान त्याला एक मेल गेला होता: मृत व्यक्तीशी नातं सिद्ध करणारा पुरावा जोडा. तो मेल मी पाठवला होता, धोरणातला मजकूर जसाच्या तसा चिकटवून.

मी नाशिकची. आमच्या घरात आत्या गेली तेव्हा तेरा दिवस घर भरलेलं होतं, आणि चुलत-मावस असा हिशेब कुणी मांडला नव्हता. मावशी म्हणजे कोण, हे त्या इमारतीत कुणाला कळायला हवं होतं तर ते मला. तरी मी तो मेल पाठवला, कारण इथल्या कागदावरचं कुटुंब हेच खरं कुटुंब असं मी तोवर शिकून बसले होते. तो पुढच्या वसंतात नोकरी सोडून गेला. राजीनाम्यात कारण लिहिलं नव्हतं.

ऑंटारियोच्या कायद्यात किमान रजा दोन दिवस, बिनपगारी, आणि यादीत मावशी-आत्या स्वतंत्रपणे नाहीत. कायदा हा तळ असतो, कंपनीला त्याच्या वर जायला कुणी अडवलेलं नाही. मी आता असा मसुदा देते: कर्मचारी ज्याला घरचं माणूस म्हणेल ते घरचं, पाच दिवस पगारी, दूरच्या गावी जायचं असेल तर प्रवासाचे दिवस वेगळे, पुरावा मागायचा नाही. शिवाय पारंपरिक कार्यांसाठी, शिकार-मासेमारीच्या हंगामासाठी रजा. केंद्राच्या अखत्यारीतल्या नोकऱ्यांत इंडिजिनस कर्मचाऱ्यांना ती वर्षाला पाच दिवसांपर्यंत मिळते, बिनपगारी. तुम्ही पगारी द्या. डायरेक्टर म्हणतात, लोक गैरफायदा घेतील. आजवर मी ज्या ज्या ठिकाणी हे लागू केलं, तिथं खर्चाचा आकडा चहा-कॉफीच्या बिलापुढं गेला नाही. आणि पहिल्या वर्षी सगळ्यात आधी ही रजा कुणी घेतली माहितीये? सोलापूरच्या एका मुलानं, काका गेले म्हणून.

तुमच्या कंपनीचा धंदा पाहता तिसरं ठिकाण सगळ्यात मोठं आहे, आणि कमिटीत त्याबद्दल कुणी बोलणार नाही. कमिशनची ९२ वी शिफारस उद्योगांसाठी आहे. प्रकल्पाआधी खरी सल्लामसलत आणि दबावाविना, वेळेत, पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती. नोकऱ्या-प्रशिक्षणाची बरोबरीची संधी आणि प्रकल्पाचा टिकाऊ लाभ. व्यवस्थापनासह सगळ्यांचं शिक्षण. कंपन्या यातलं तिसरं उचलतात, कारण ते एका दुपारच्या वर्कशॉपमध्ये होतं.

मी विनिपेगला राहत असताना नळाचं पाणी प्यायचे. ते १९१९ पासून शोल लेकमधून येतं. त्याच तळ्याकाठच्या ‘शोल लेक ४०’ फर्स्ट नेशनला १९९७ पासून २०२१ पर्यंत पाणी उकळूनच प्यावं लागत होतं, आणि त्या जलवाहिनीच्या कामामुळे त्यांची वस्ती मुख्य भूमीपासून तुटलेली. बारमाही रस्ता २०१९ मध्ये झाला. धरण उशाला आणि कोरड घशाला. ती जलवाहिनी आखणारे इंजिनिअर दुष्ट नव्हते. त्यांच्या नकाशावर त्या लोकांसाठी चौकट नव्हती, इतकंच. तुम्ही आज असेच नकाशे काढता. म्हणून प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून विचारा: संबंधित फर्स्ट नेशनला आपण पहिलं पत्र कधी लिहितो, रेषा आखण्याआधी की आखून झाल्यावर? त्यांच्या जमिनीचा सर्व्हे केला तर तो डेटा कुणाच्या मालकीचा? त्यांच्याकडचे जाणकार बैठकीला येतात त्यांना आपल्या कन्सल्टंटसारखं मानधन मिळतं का? आणि उपकंत्राट कुणाला जातं? केंद्र सरकारनं आपल्या कंत्राटांच्या रकमेतला किमान ५ टक्के वाटा इंडिजिनस व्यवसायांना देण्याचं उद्दिष्ट ठेवलंय. तुमच्या कंपनीचा आकडा किती, हे कमिटीत विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी तो कुणी मोजलेलाच नसतो. साठ दिवसांच्या पेमेंटनं चार माणसांची फर्म बुडते, हे पुन्हा त्याच हिशेब खात्याचं काम.

भरतीतही बघा. ‘कॅनेडियन एक्स्पिरियन्स’च्या अटीनं आपण नवखे कसे होरपळत आलो, ते तुम्हाला सांगायला नको. तशीच गरज नसलेली पदवीची अट, गरज नसलेली गाडी चालवण्याच्या परवान्याची अट दुसऱ्या कुणाला तरी दाराबाहेर ठेवते. अट लिहिणाऱ्याच्या मनात काही नसतं, तरीही.

‘अलायशिप’ला, म्हणजे दुसऱ्याच्या हक्कासाठी त्याच्या बाजूनं उभं राहण्याला, मला अजून चांगला मराठी शब्द सापडलेला नाही. ‘साथीदार’ म्हणावं तर तो शब्द पोलिसांच्या बातमीतला, ‘आरोपी आणि त्याचे साथीदार’. पण आरोपीच्या साथीदाराला काहीतरी जोखीम असते खरी. नुसत्या सहानुभूतीवाल्याला ती नसते.

तुमच्या क्री सहकारीबद्दल शेवटचं. तिच्याशी बोलायचंच नाही असं नव्हे. कामाचं बोला, हॉकीचं बोला, तिची बढती अडली असेल तर बैठकीत तिचं काम नाव घेऊन सांगा. कमिटीत यायचं की नाही हे तिला ठरवू द्या. आली तर ते तास कामात धरले जातील याची लेखी सोय आधी करा. आणि एक मोह टाळा. क्री भाषेची लिपी जेम्स इव्हान्स या मिशनऱ्यानं १८४० मध्ये नॉर्वे हाऊसला छापात आणली, आणि तिच्यावर पिटमनच्या लघुलिपीबरोबर देवनागरीचीही छाया आहे असं अनेक अभ्यासक मानतात. क्री परंपरा मात्र सांगते की ती कॉलिंग बॅजर नावाच्या त्यांच्याच माणसाला आत्मलोकातून मिळाली. मला हे कळलं तेव्हा कधी एकदा कुणाला सांगते असं झालं होतं. ‘तुमची लिपी आमची’ हे ‘मी खरी इंडियन’चंच धाकटं भावंड आहे, हे सुदैवानं वेळेवर ध्यानात आलं. देवनागरीचा उपयोग दुसरीकडं करा: कार्यक्रमात भूमीचा उल्लेख (ही जमीन मूळ कुणाची ते सांगणारं निवेदन) वाचायचा असेल तर समाजांची नावं आपल्या लिपीत लिहून घ्या. अनिशिनाबे, होडेनोशोनी. समाजाच्या स्वतःच्या लोकांचे उच्चार ऐका, दहादा म्हणा. रोमनपेक्षा बरी जमतात.

शिकायला अल्बर्टा विद्यापीठाचा ‘इंडिजिनस कॅनडा’ हा बारा धड्यांचा कोर्स ऑनलाइन फुकट आहे. आठवड्याला दोन धडे केले तर सहा आठवड्यांत संपतो. पण आज एकच करा: हिशेब खात्याला मेल टाका, की ३० तारखेच्या पाहुण्यांचं मानधन आणि प्रवासखर्च त्याच दिवशी द्यायला कुणाची सही लागते. उत्तर यायला तीन आठवडे लागतात.